आधी भगुणं, मग चूल

नांदेडहून अर्धापूरमार्गे आलेला रस्ता वारंगा फाट्यावर फुटतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. तुळजापूर-नागपूर महामार्गाचे ट्रक, हळदीचे टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर या फाट्यावरून रात्रंदिवस जात असतात. गाडी थांबवून इथली खिचडी खाल्लेली माणसं नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात पुष्कळ भेटतील. पण या रस्त्यावर अशीही माणसं असतात, ज्यांना आपली खिचडी आणि आपली भाकर उघड्यावर स्वतःच रांधून घ्यावी लागते. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, हळद काढायला आणि शिजवायला आलेले मजूर, दिंडीतली मंडळी, ट्रकवरचे ड्रायव्हर-क्लीनर. त्यांच्यासाठी सोबत नेता येईल अशी लहान चूल कशी बनवावी, याबद्दल हा लेख आहे. तुमचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान असो, तुम्ही आयटीआयत शिकत असा किंवा शेतावर डबे-पत्रे जमवून काही करून बघणारे असा, यातलं काहीही एका दिवसात बनवता येण्यासारखं आहे.

चूल बनवायला बसलेला माणूस बहुधा आगीपासून सुरुवात करतो. जाळ मोठा कसा होईल, भोकं किती पाडायची, पंखा लावायचा का, असे प्रश्न त्याच्या मनात आधी येतात. माझं सांगणं असं की आधी भगुणं ठरवा, मग सरपण ठरवा, आणि या दोघांच्या मधून गरम हवा कुठून जाईल ते ठरवा. एवढं नीट झालं की जाळ किती हवा हे हिशेबानेच कळतं, आणि तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो.

हिशेब करून पाहू. चार माणसांच्या खिचडीला तांदूळ-डाळ मिळून 400 ग्रॅम आणि पाणी दीड लिटर धरा. हे सगळं 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला, भगुण्याचं तापणं धरूनही, साडेपाचशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. झाकण ठेवून शिजवताना 200 ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं तर आणखी साडेचारशे. म्हणजे भगुण्याच्या आत जायला हवी ती उष्णता साधारण 1000 किलोज्यूल. वाळलेल्या काडीत किलोमागे सुमारे 16000 किलोज्यूल असतात. सगळी उष्णता भगुण्यात गेली असती तर 60-65 ग्रॅम काड्यांत खिचडी झाली असती. तीन दगडांच्या उघड्या चुलीत मात्र आठवा-दहावा हिस्साच भांड्यात जातो आणि अर्धा किलोहून जास्त सरपण लागतं. बाकीची उष्णता वाऱ्यावर, जमिनीत आणि धुरात जाते. चांगल्या लहान चुलीत चौथा हिस्सा भांड्यात नेता येतो, मग पाव किलोत काम भागतं. आपल्याला मिळवायचं आहे ते या अर्धा किलो आणि पाव किलोमधलं अंतर. ते मिळालं तर सरपणाचा भारा निम्मा होतो, आणि तो भारा कोणाच्या डोक्यावर असतो हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

आता सरपण. या भागात तूर आणि कापूस असल्याने तुराट्या आणि पऱ्हाट्या मुबलक असतात. तुराटी हे लहान चुलीसाठी फार चांगलं सरपण आहे. बोटाएवढी जाड, सरळ, लांब, आणि वाळली की कट्कन मोडणारी. कुऱ्हाड लागत नाही, फोडावी लागत नाही. पऱ्हाटीला फांद्या असतात, बुंधा जाड असतो, ती मोडून घ्यावी लागते. मात्र ती बांधावर ढीग लावून ठेवण्यापेक्षा वेचणी संपताच जाळणात आणलेली बरी, कारण तिच्यावर राहिलेल्या कैऱ्यांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. उसाचं पाचट फुकट मिळतं, पण भुर्रकन जळतं आणि चुलीपुढून हलू देत नाही. ते पेटवणापुरतं ठेवा. गोवरी मंद जळते, धूरही खूप करते. उभ्या नळीच्या चुलीत ती घालू नका.

काडी ओली असेल तर कोणतीही चूल हरते. ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं आणि प्रत्येक ग्रॅम पाणी वाफ करायला सव्वादोन किलोज्यूलहून जास्त उष्णता जाते. तुरीची काढणी डिसेंबर-जानेवारीपासून होते, तेव्हा ऊसतोडीच्या हंगामाच्या सुरुवातीला मागच्या वर्षीच्या तुराट्या लागतात. त्या छपराखाली उभ्या ठेवलेल्या असाव्यात. वाकवल्यावर आवाज न करता लवणारी काडी बाजूला काढा.

लांब काडी न तोडता जाळायची तर आडव्या तोंडाची आणि उभ्या नळीची चूल सगळ्यांत सोयीची. इंग्रजी एल अक्षरासारखा तिचा आकार असतो. जगभर तिला रॉकेट चूल म्हणतात. अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी 1980च्या दशकात तिची तत्त्वं मांडली. ती थोडक्यात अशी: काडीचं फक्त टोक जळू द्यायचं, ज्वाळेभोवती उष्णता न खाणारी हलकी भिंत द्यायची म्हणजे धूर नळीतच जळून जातो, हवा काड्यांच्या खालून घ्यायची, आणि हवेची वाट तोंडापासून भांड्याच्या काठापर्यंत कुठेही आवळू किंवा पसरू द्यायची नाही. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित होते, म्हणून तिचे आकडेच देतो.

चार माणसांच्या चुलीला आतली नळी 10 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे चार इंची, पुरते. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ 78 चौरस सेंटिमीटर. काडी घालायच्या तोंडाचंही तेवढंच ठेवा. नळीच्या वरच्या काठाचा घेर 31 सेंटिमीटर आहे, म्हणून भगुण्याचं बूड आणि नळीचा काठ यांत अडीच सेंटिमीटर जागा असली की तेच 78 होतात. गरम हवा बुडाखालून बाहेरच्या बाजूला सरकते तसा घेर वाढत जातो. 20 सेंटिमीटर व्यासाच्या भगुण्याच्या काठाशी घेर 63 सेंटिमीटर, म्हणून तिथे सव्वा सेंटिमीटर जागा पुरे. वरचा पत्रा उतरता करणं जमत नसेल तर सगळीकडे दीड ते दोन सेंटिमीटर ठेवून तडजोड करता येते. जागा फार कमी केली की जाळ तोंडातून मागे फिरतो, धूर रांधणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. फार जास्त ठेवली की गरम हवा बुडाला न शिवताच निसटते.

बाहेरच्या अंगाला 15 किलोचा चौकोनी तेलाचा डबा घ्या. तो भंगारात मिळतो, हलका असतो, आणि चार कोपऱ्यांवर नीट बसतो. उंची 26-27 सेंटिमीटर राहील असा कापा. खालच्या बाजूला, तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर, नळीच्या तोंडाएवढं भोक पाडा. आत एल आकाराची नळी बसवा. तोंडात एक आडवी पट्टी ठेवा, ज्यामुळे वरचा दोन तृतीयांश भाग काड्यांना आणि खालचा एक तृतीयांश हवेला मिळेल. ही पट्टी काढता-घालता आली पाहिजे, कारण सर्वांत आधी तीच जळते. पट्टी नसेल तर काड्या तळावर लोळतात, खालची हवा बंद होते आणि चांगली चूल धुमसत राहते.

नळी कशाची करायची यात घाई करू नका. प्रयोगापुरता साधा पत्र्याचा डबा चालेल, पण रोजच्या जाळात तो लवकर पापुद्रे सुटून झडतो. जुना स्टेनलेस स्टीलचा डबा किंवा पाइपचा तुकडा बराच जास्त टिकतो. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तेव्हा ते जाळाच्या भागात मुळीच नको. आणि जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, तोही जाळाच्या भागात वापरू नका. जस्त 420 अंशांना वितळतं, फार तापलं की त्याची पांढरी वाफ उठते, आणि ती श्वासात गेली की ताप आणि थंडी भरते. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास माहीत असतो. जेवण बनवणाऱ्या बाईला तो होऊ देण्याचं काहीच कारण नाही.

नळी आणि डबा यांच्यामधल्या पोकळीत काय भरायचं? माती, विटांचे तुकडे, वाळू यांनी चूल मजबूत वाटते, पण जड वस्तू स्वतः तापण्यात उष्णता खातात आणि एकवेळच्या स्वयंपाकात ती परत देत नाहीत. इथे हलकी, हवा धरून ठेवणारी वस्तू हवी. ती प्रत्येक चुलीजवळ असतेच: चाळलेली कोरडी राख. रोपवाटिकेत वापरतात ते वर्मिक्युलाइट आणखी हलकं, पण ते विकत आणावं लागतं. राख भरल्यावर हा डबा पाच-सहा किलो जास्त भरतो. फिरत्या चुलीला हे वजन नको, म्हणून माझी सूचना अशी आहे की राख सोबत न्यायचीच नाही. वरच्या पत्र्याला झाकणाचं भोक ठेवा. मुक्काम हलवताना राख ओतून द्या, नव्या जागी आसपासच्या चुलींतली कोरडी राख गोळा करून, चाळून पुन्हा भरा. ट्रॅक्टरवर रिकामा डबा दीड-दोन किलोचाच चढतो. राख ओतताना एवढंच पाहा की ती पूर्ण निवलेली आहे आणि जवळ वाळलं गवत किंवा कडब्याची गंज नाही.

सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त सरपण वाचवणारा भाग चुलीत नसून भगुण्याभोवती असतो. दुसऱ्या डब्याच्या पत्र्यातून 10 सेंटिमीटर रुंद आणि 74 सेंटिमीटर लांब पट्टी कापा. ती गोल करून भगुण्याभोवती उभी करा, मधे एक ते सव्वा सेंटिमीटर फट राहील अशी. बुडाखालून निघालेली गरम हवा मग सरळ वर न जाता भगुण्याच्या अंगाला घासत जाते. ही पट्टी वारा अडवते, हेही तिचं मोठं काम. फाट्यावरचं रान उघडं आहे, संध्याकाळचा वारा जाळ आडवा पाडतो. पट्टीच्या टोकांना दोन-तीन खाचा दिल्या तर ती दोन मापांच्या भगुण्यांना बसते. कान असलेल्या भांड्याला कानाखालपर्यंतच उंची ठेवा. कडा दुमडून घ्या, कापलेल्या पत्र्याने हात फाटतो.

आता भाकरीचं. खिचडीला चांगली ठरलेली चूल ज्वारीच्या भाकरीला चांगली ठरेलच असं नाही, आणि आमच्याकडे भाकर होत नसेल तर ती चूल कोपऱ्यात पडते. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983-84 पासून 2002 पर्यंत चालला. त्यात देशभर बसवलेल्या पुष्कळ चुली पुढे वापरात राहिल्या नाहीत. रांधणारीला काय हवं हे आधी विचारलं जात नाही, तिथे असंच होतं. उभ्या नळीचा जाळ तव्याच्या मधोमध लागतो, म्हणून भाकर मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा घ्या, एका वेळी दोनच तुराट्या जळत ठेवा, आणि तवा टेकायच्या खुंट्या अर्धा-एक सेंटिमीटर उंच करता येतील अशा बोल्टच्या करा. भाकर शेवटी आरावर फुगवायची असते. या चुलीत आर फार पडत नाही, ही तिची खरी उणीव. तोंडापुढे पत्र्याचा वीतभर ओटा ठेवला की पडलेला आर त्यावर ओढून भाकर उभी करता येते.

आर हवाच असेल तर दुसऱ्या जातीची चूल पाहा. दोन डबे, एकात एक. आतला 10 सेंटिमीटर व्यासाचा, 18 सेंटिमीटर उंच, त्यात सुमारे 1.4 लिटर जागा. त्याच्या तळाला बारीक भोकं, वरच्या काठाखाली एक रांग भोकं, आणि वरच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ खालच्यांच्या तीन-चारपट. तुराट्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे गच्च न दाबता भरायचे आणि वरून पेटवायचं. आग वरून खाली सरकते, लाकडातला वायू निघून वरच्या भोकांतल्या गरम हवेत जळतो, धूर फार कमी होतो आणि शेवटी तळाशी कोळसा उरतो. वाळल्या लाकडाचा साधारण तीन चतुर्थांश भाग वायूरूपाने निघून जातो, उरतो तो हा कोळसा. त्यावर खिचडी दमाला लावा किंवा भाकरी फुगवा. ही चूल पिशवीत मावते. तिची एकच उणीव आहे: मधे तुकडे वाढवता येत नाहीत. म्हणून चौघांच्या खिचडीला एक भरण आणि तिचा कोळसा, असं गणित आधी बसवून घ्यावं लागतं.

महाराष्ट्रात या विषयावर झालेलं काम डोळ्यांपुढे ठेवा. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये पुण्यात उभी केलेली ‘आरती’ ही संस्था, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याच्या कामासाठी तिला 2002 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. याच संस्थेच्या सराई कुकरमध्ये एकावर एक भांडी ठेवून 100 ग्रॅम कोळसाकांड्यांवर एका कुटुंबाचं वरण-भात-भाजी वाफेवर शिजतं, आणि शिजत असताना कुणाला चुलीपुढे बसावं लागत नाही. पहाटे उठून रांधायचं आणि दिवस उजाडता फडात उतरायचं, अशा बाईसाठी ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्हही तयार झाला. उसाच्या पट्ट्यात या दोन्ही वाटा अजून पुढे न्यायला भरपूर वाव आहे.

चुलीइतकंच सरपण वाचवणारी, आणि एक पैसाही न लागणारी, युक्ती म्हणजे वाकळ. वरच्या हिशेबात जवळजवळ निम्मी उष्णता उकळी आल्यानंतर वाफेत जाते. खिचडीला सणसणीत उकळी येऊन सात-आठ मिनिटं झाली की झाकण घट्ट लावा, भगुणं उतरवा, टोपलीत वाळल्या पाचटाचा जाड थर देऊन त्यात ठेवा आणि वरून वाकळ गुंडाळा. बूड निखाऱ्यावरून आलेलं नसावं, एखादी ठिणगी चिकटलेली नाही ना हे पुसून पाहावं. पाऊण तासात खिचडी स्वतःच्या उष्णतेवर मऊ होते. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, कारण उडून जाणारं नाही. मात्र भगुणं गरम असतानाच जेवून घ्या. तासन्‌तास कोमट राहिलेलं अन्न बाधू शकतं.

गॅस का नको, असं कुणी विचारेल. जिथे मिळतो आणि परवडतो तिथे जरूर घ्या. अधिकृत कंपन्यांचा 5 किलोचा सिलिंडर मिळतो, ट्रकवाल्यांना तो बरा. पण बाजारात मिळणाऱ्या बेनामी छोट्या टाक्या, ज्यात घरगुती सिलिंडरमधून गॅस ओतून देतात, त्यांच्या जवळही जाऊ नका. आणि गाडीत, डब्यात, केबिनमध्ये कोणतीही चूल पेटवू नका. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात बेकायदा नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि 9 जणांचा जीव गेला. कोळशाची चूल तर धूर देत नाही म्हणून जास्त फसवी. बंद कोपीत किंवा तंबूत ऊब मिळावी म्हणून निखारे ठेवून झोपलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, जागही येत नाही. निखारे बाहेर, झाकण घालून विझवा.

चूल कलंडणं हा तिचा सर्वांत मोठा धोका आहे. वर दोन किलोचं उकळतं भगुणं आणि आजूबाजूला खेळणारी पोरं, हे ऊसतोडीच्या तळावरचं रोजचं चित्र. चुलीचा पाया भगुण्याच्या व्यासापेक्षा कमी रुंद नको. उंच सडपातळ चूल चित्रात देखणी दिसते, रानात ती उपयोगाची नाही. तुमच्या चुलीवर पाण्याने भरलेलं भगुणं ठेवा आणि बाजूने तळहाताने जोर द्या. पाणी सांडलं तर चालेल, चूल कलली तर पाया वाढवा. जागा निवडताना फडापासून, गंजीपासून आणि टँकर थांबतात तिथून लांब बसा, चहूबाजूंनी दोन पावलं जमीन खरवडून घ्या.

बनवलेली चूल चांगली आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. किराणा दुकानातला वजनकाटा आणा. दोन लिटर पाणी, झाकण, आणि मोजून घेतलेल्या तुराट्या. पाण्याला खळखळ उकळी येताच जाळ विझवा आणि उरलेल्या काड्या पुन्हा मोजा. 160 ग्रॅमच्या आसपास जळल्या असतील तर चौथा हिस्सा उष्णता भगुण्यात गेली. सव्वातीनशे लागल्या असतील तर तुम्ही तीन दगडांच्या चुलीलाच पत्र्याचा डबा घातला आहे. मग आधी भगुण्याखालची जागा मोजा, नंतर पट्टीची फट, नंतर काड्यांखालची हवा. बहुधा दोष या तिघांतच सापडतो. बूड फार काळं होत असेल तर ज्वाळा पूर्ण जळायच्या आधी थंड बुडाला लागते आहे. काड्या कमी करा, नाहीतर नळी दोन-तीन सेंटिमीटर वाढवा. 15-20 जणांच्या दिंडीसाठी करायची असेल तर नळी 15 सेंटिमीटर व्यासाची घ्या आणि सगळ्या फटी त्याच रीतीने पुन्हा काढा. नुसती उंची वाढवून चालत नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. ज्यांना चूल बनवायची आहे त्यांनी पोळ्यापर्यंत पहिला डबा कापून तयार ठेवावा, आणि तो टोळीतल्या एखाद्या घरी महिनाभर वापरायला द्यावा. चुलीपुढे बसणारी बाई जे बदल सांगेल, ते करूनच पुढचे डबे कापा.